श्वाइनफुर्टमध्ये गिअरबॉक्स उतरवताना

वडोदऱ्यात मणेजाच्या बाजूला ज्यांनी नोकऱ्या केल्या, त्यांना श्वाइनफुर्ट हे नाव नवीन नाही. तिथली प्रिसिजन बेअरिंग्ज इंडिया ही कंपनी १९६२ साली स्थापन झाली. पुढे सगळे तिला एफएजी म्हणू लागले, आणि आता पाटीवर शेफ्लर आहे. त्या एफएजीचं मूळ गाव श्वाइनफुर्ट. माइन नदीकाठचं, जर्मनीतल्या बव्हेरियाच्या उत्तर टोकाचं हे गाव तसं लहानच, पण १८८३ साली फ्रीडरिश फिशरने पोलादी गोळ्या घासून अगदी एकसारख्या गोल करणारं यंत्र इथे बनवलं आणि बॉल बेअरिंगचा धंदा उभा राहिला. बाबांची सगळी नोकरी मणेजाला बेअरिंग तपासण्यात गेली, आणि मी राहायला आले ती याच गावात. शिवाय क्लचचंही हे गाव. १८९५ साली सुरू झालेल्या फिश्टेल अँड झाक्स कंपनीने १९२९ मध्ये आपला बेअरिंगचा धंदा विकला आणि क्लच आणि शॉक ॲब्सॉर्बर बनवायला घेतले.

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या माझ्या माणसांनी गणपतीपासून एकच विचारलं आहे, की गाडीचा क्लच मी स्वतः बदलला म्हणजे नेमकं काय केलं. फोनवर ते सांगून होत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

गाडी माझदाची एमएक्स-५, दुसऱ्या पिढीची, १.८ लिटरची. दोनच सीट, कापडी छप्पर, इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना. जगात सर्वांत जास्त खपलेली दोन सीटांची स्पोर्ट्‌स कार म्हणून २००० साली तिचं नाव गिनेस बुकात गेलं, त्यामुळे सुटे भाग आजही सहज मिळतात. मी ती जुनीच घेतली. भारतातलं लायसन्स इथे पहिले सहा महिनेच चालतं, मग पुन्हा लेखी आणि गाडीवरची परीक्षा द्यावी लागते. ती मी हट्टाने गिअरच्या गाडीवर दिली, आणि मनात तेव्हापासून हीच गाडी होती.

क्लच गेल्याचं कळलं ते ए-७१ वर. हा महामार्ग श्वाइनफुर्टहून एरफुर्टकडे जातो, आणि मध्ये थुरिंगियाच्या जंगलाची लांबच लांब चढण आहे. चढून गेल्यावर रेनश्टाइगचा बोगदा लागतो, जवळजवळ आठ किलोमीटरचा, जर्मनीतला सर्वांत लांब रस्ता-बोगदा. त्या चढणीवर पाचव्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनच्या फेऱ्यांचा काटा झरकन वर जायचा आणि वेगाचा काटा जागचा हलायचा नाही. पाय जरा उचलला की फेऱ्या परत खाली. इंजिन जोर लावतंय आणि तो चाकांपर्यंत पोचत नाहीये, मधली क्लचची प्लेट घसरतेय, याचं इतकं स्वच्छ लक्षण दुसरं नाही. सपाटीवर आणि गावातल्या गावात मात्र काही जाणवत नव्हतं. क्लच असाच आधी वरच्या गिअरला आणि चढावर बोलतो, कारण तिथे त्याच्यावर भार सर्वांत जास्त येतो. काही दिवसांनी जळका वासही येऊ लागला.

बाबांना सांगितलं तर ते फोन घेऊन थेट मकरपुऱ्याच्या गॅरेजवाल्या काकांकडे गेले. काकांनी आमची जुनी फियाटही सांभाळली होती. त्यांनी लक्षणं ऐकली आणि म्हणाले, "प्लेट गेली. पण अगं, नुसती प्लेट टाकू नकोस. गिअरबॉक्स उतरवणं हेच खरं काम. एकदा उतरवलास की आतलं सगळं बदल." मग बाबा आणि काका यांच्यातच जुंपली. पूर्वी प्लेटवरचं घासलेलं लायनिंग (पकड धरणारा थर) काढून नवं रिव्हेट मारून घ्यायचे, तेवढ्यात भागायचं, असं बाबांचं म्हणणं. काका म्हणाले, तेव्हा सुटा भाग महाग होता आणि मजुरी स्वस्त, म्हणून ते परवडायचं. काकांचं मला पटलं. इथे तर मजुरी इतकी आहे, की गॅरेजने सांगितलेला आकडा हजार युरोंच्या वर होता आणि त्यात सामानाचा वाटा अर्धाही नव्हता.

आता इथली जी गोष्ट वडोदऱ्यात नाही आणि असायला हवी असं मला मनापासून वाटतं, ती सांगते. भाड्याच्या फ्लॅटच्या पार्किंगमध्ये तेला-ग्रीसचं काम करायला परवानगी नसते, आणि रस्त्यावर गाडी उघडून बसायचा तर प्रश्नच नाही. म्हणून इथे भाड्याची वर्कशॉप असतात. तासाच्या हिशेबाने लिफ्ट भाड्याने घ्यायची, हत्यारं तिथलीच वापरायची, काम आपण करायचं. अडलं तर मालक किंवा त्यांचा कारागीर येऊन बघतो. माझ्या शेजारच्या लिफ्टवर एक निवृत्त शिक्षक बायकोच्या गाडीचे ब्रेक बदलत होते, पलीकडे दोन कॉलेजची मुलं सायलेन्सर जोडत होती. ज्याला शिकायचं आहे त्याला जागा आणि हत्यार मिळतं, मागे शिकवणारं माणूस उभं असतं. मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, असं एखादं वर्कशॉप निघालं, तर पॉलिटेक्निकची किती मुलं तिथे शिकतील!

मी शुक्रवारची रजा टाकली आणि शुक्रवार-शनिवारसाठी लिफ्ट घेतली. रविवारी इथे सगळं बंद असतं.

उतरवण्याचं काम लांब असलं तरी सांगायला थोडं आहे. बॅटरी काढली. आतून गिअरचा दांडा आणि त्याचे रबरी बूट काढले. खालून सायलेन्सरचा मधला पाइप, मग गिअरबॉक्सचं तेल, मग गिअरबॉक्सचा जोर मागे नेणारा प्रॉपेलर शाफ्ट (काढण्याआधी दोन्ही फ्लँजवर खडूने खूण, म्हणजे परत त्याच जागी बसतो). एमएक्स-५ मध्ये गिअरबॉक्स आणि मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणारा डिफरेन्शियल यांना जोडणारी ॲल्युमिनियमची लांब फ्रेम असते, ती सोडवली. पेडलचा दाब क्लचपर्यंत पोचवणारा स्लेव्ह सिलिंडर दोन बोल्ट काढून, नळी न उघडता, बाजूला तारेने बांधला. सेल्फ सोडवला. बेलहाउसिंगचे, म्हणजे क्लच झाकून गिअरबॉक्सला इंजिनशी जोडणाऱ्या भागाचे, वरचे बोल्ट मात्र परीक्षा घेतात. वरून हात जात नाही, खालून दिसत नाहीत. तिथे लांबच लांब एक्स्टेन्शन जोडून, गिअरबॉक्सच्या पाठीवरून, गोटी पाना नुसत्या स्पर्शाने बसवावा लागतो. मग साधारण पस्तीस किलोंचा तो गिअरबॉक्स जॅकवर टेकवून सरळ मागे ओढला.

आत जे दिसलं ते बघायला मी खाली स्टूल घेऊन बसले. ही प्लेट २१५ मिलिमीटर व्यासाची. लायनिंग रिव्हेटच्या डोक्यांपेक्षा निदान ०.३ मिलिमीटर तरी वर असावं लागतं. माझ्या प्लेटवर एका बाजूला ते रिव्हेटच्या बरोबरीला आलं होतं आणि दोन रिव्हेट चकाकत होते. इंजिनच्या टोकाला बसवलेलं जड चाक म्हणजे फ्लायव्हील, त्याच्यावर निळे-जांभळे डाग होते, पोलाद तापून पडणारे. क्लचची प्लेट फ्लायव्हीलवर दाबून धरते ती प्रेशर प्लेट, तिच्या डायफ्रॅम स्प्रिंगची बोटं टोकांशी घासून आरशासारखी झाली होती. पेडल दाबलं की या बोटांना दाबतं आणि ज्याने ती घासली ते रिलीज बेअरिंग मी हातात घेतलं आणि बाबांना व्हिडिओ कॉल लावला.

"फोन जवळ ने. अजून जवळ. आता हळूच फिरव."

मी फिरवलं.

"पुन्हा. आणि या खेपेला थोडा दाब देऊन फिरव."

मणेजाला बाबांच्या विभागात बेअरिंगचा आवाज मापायची यंत्रं होती आणि अँडरॉन या एककात त्याचा आकडा यायचा, हे मी लहानपणापासून ऐकत आले. बाबा मात्र यंत्राच्या आधी कान लावायचे. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि सांगितलं, "ग्रीस संपलंय. कोरडं फिरतंय. आणि एका जागी अडतंय, म्हणजे ट्रॅकवर खड्डा पडलाय. प्लेटआधी हे ओरडायला लागलं असतं." मग त्यांनी कारणही सांगितलं, आणि ते घरच्या सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. सिग्नलला गिअर टाकून, क्लच दाबून उभं राहिलं, की हे बेअरिंग तेवढा सगळा वेळ स्प्रिंगच्या पूर्ण दाबाखाली फिरत राहतं. चालवताना पाय पेडलवर नुसता टेकवून ठेवला तरी तेच, आणि वर प्लेटही किंचित सुटत राहते. मांडवीच्या गर्दीत आपण सगळे हाफ क्लचवर गाडी रेटतो. तिथे बेअरिंग आणि प्लेट दोन्ही झिजतात.

पायलट बेअरिंगची गंमत वेगळी. फ्लायव्हीलच्या अगदी मध्यभागी एक छोटं बेअरिंग दाबून बसवलेलं असतं आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक त्यात टेकतं. ते बाहेर काढायला मागून धरायला जागाच नसते. मी पुलर (बेअरिंग ओढून काढायचं हत्यार) मागितला तर वर्कशॉपचे मालक त्यांच्या डब्यातला पाव घेऊन आले! पाण्यात भिजवून, लगदा करून तो बेअरिंगच्या भोकात ठासून भरायचा, भोकात बरोबर बसेल असा दांडा घ्यायचा आणि हातोडीने ठोकायचं. लगद्याला जायला जागा नाही, म्हणून दाब सगळीकडे सारखा पसरतो आणि बेअरिंगला मागून बाहेर ढकलतो. प्रत्येक दोन-चार ठोक्यांनंतर मी थोडा पाव आणखी भरत होते. आधी काहीच हललं नाही. मग आवाज बदलला, टणटणचा ढबढब झाला, आणि बेअरिंग नखभर पुढे आलेलं दिसलं. शेवटी ते दांड्यासकट हातात आलं. दाबाचा पास्कलचा नियम शाळेत सगळेच शिकतो, पण भिजलेल्या पावाने पोलादाचं बेअरिंग हललेलं मी स्वतः पाहिलं, हा आनंद काही वेगळाच होता. आत राहिलेला लगदा मात्र कण न् कण काढावा लागतो.

फ्लायव्हील जवळच्या मशीन शॉपमध्ये दुपारपर्यंत ग्राइंड करून मिळालं. तोवर मी क्रँकचं, म्हणजे इंजिनच्या मुख्य शाफ्टचं, मागचं ऑइल सील बदललं आणि बेलहाउसिंग पुसून काढलं. इथे काकांना एक कळकळीची विनंती आहे. आतली काळी धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. लायनिंगमध्ये पूर्वी वापरायचे त्या घातक तंतूंवर, म्हणजे ॲस्बेस्टॉसवर, जर्मनीत १९९३ साली बंदी आली, तरीही इथे ती धूळ कुणी उडवत नाही. ब्रेक क्लीनर मारून, ओली करूनच पुसतात, तीही मास्क लावून. आपल्याकडच्या जुन्या गाड्यांच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, आणि ते फुप्फुसात गेलं की परत येत नाही. तुमचा तो पोऱ्या रोज त्या धुळीत तोंड घालून बसतो.

शनिवारी जोडणी. फ्लायव्हीलचे बोल्ट, आट्यांना सीलंट लावून, शंभरएक न्यूटन मीटरला आवळले. प्लेट कुठली बाजू कुठे हे तिच्यावरच लिहिलेलं असतं. उलटी बसली तर मधल्या स्प्रिंगा फ्लायव्हीलच्या बोल्टांना घासतात. प्लॅस्टिकचा खोटा शाफ्ट घालून ती बरोबर मध्यावर धरली आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे करत, वीस-पंचवीस न्यूटन मीटरपर्यंत नेले. एकच बाजू आधी आवळली तर प्रेशर प्लेट वाकते. गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या खाचांना ग्रीस बोटाच्या टोकावर मावेल इतकंच घ्यायचं आणि तेही जवळजवळ पुसून टाकायचं, कारण जास्तीचं ग्रीस फेऱ्यांबरोबर उडून थेट नव्या लायनिंगवर बसतं.

गिअरबॉक्स वर चढवताना मालक स्वतः येऊन उभे राहिले. तो थोडा आत जाऊन थांबला. तेव्हा बोल्ट लावून खेचून घ्यायचा मोह होतो. त्यांनी मान हलवून नको म्हटलं. अशा वेळी गिअरबॉक्सचा भार प्लेटच्या मध्यावर लटकतो आणि प्लेट वाकते. त्याऐवजी गाडी गिअरमध्ये ठेवून गिअरबॉक्सचा मागचा जोड हाताने किंचित फिरवायचा, जॅक केसभर वर-खाली करायचा. खाच खाचेला मिळाली आणि गिअरबॉक्स आपणहून सरकून टेकला.

निघताना जुनं तेल कॅनमध्ये भरून, पावती घेऊन, नवं तेल घेतलं त्याच दुकानात परत दिलं. जेवढं तेल विकलं तेवढं जुनं परत घेणं इथे दुकानदारावर कायद्याने बंधनकारक आहे. वडोदऱ्यात ते तेल कुठे जातं हे आपण सगळे जाणतो.

पहिले काही शे किलोमीटर गाडी जपून चालवली, म्हणजे नवं लायनिंग फ्लायव्हीलशी नीट जुळतं. आता पेडल हलकं आहे आणि क्लच कुठे धरतो ते तळपायाला स्पष्ट कळतं. परवा पुन्हा एरफुर्टला गेले. त्याच चढणीवर पाचव्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला, आणि दोन्ही काटे एकत्र वर गेले.

आणि दादा, तुझ्या स्विफ्टबद्दल तू विचारलं होतंस. तुझी गाडी चढावर फेऱ्या वाढवून वेग धरत नसेल, तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग असा पूर्ण सेट घे. काकांना गिअरबॉक्स उतरवल्यावर फ्लायव्हील तुला दाखवायला सांग, निळे डाग असतील तर ग्राइंडिंगला पाठव. जुनं रिलीज बेअरिंग टाकू नकोस, घरी ने आणि बाबांच्या कानाशी फिरव. बाकीचं ते सांगतील.