तुम्ही विचारलंत म्हणून: ओतायला दोन मिनिटं, मग माल द्यायला तीन आठवडे का?

इचलकरंजीचं एक जुनं गिऱ्हाईक आहे. दर ऑर्डरीला त्यांचा एकच प्रश्न. "मॅडम, मी डोळ्यांनी बघितलंय तुमच्याकडं. पेटीत लोखंड ओतायला दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत. मग तीन आठवडे कशाला?" लग्नाकार्यात भेटणारे पाहुणेही फिरवून तेच विचारतात, फक्त त्यांना वाटतं की आम्ही दिवसभर वाळूत खेळतो.

वाळूत खेळतो हे खरं आहे. बेळगावात खानापूर रोडला उद्यमबागेतल्या एका लहान फाउंड्रीत, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात, मी चौदा वर्षं आहे. माझं काम टेबलावरचं: ऑर्डर घेणं, तारीख देणं आणि ती चुकली की फोन उचलणं. पहिली दोन वर्षं मी नुसतं "होतंय, होतंय" म्हणायची. काय होतंय ते मलाच माहीत नव्हतं. मग एकदा शिव्या खाऊन कंटाळले आणि शॉपमध्ये जाऊन उभी राहायला लागले.

सुरुवात होते पॅटर्नपासून, म्हणजे तुमच्या भागाच्या नमुन्यापासून. आमच्या पॅटर्नवाल्या आण्णांच्या पट्टीवरचा फूट तुमच्याआमच्या फुटापेक्षा मोठा असतो. बीड, म्हणजे आम्ही ओततो ते ओतीव लोखंड, थंड होताना साधारण शेकडा एक आकसतं. म्हणजे ३०० मिलिमीटरचा भाग हवा तर पॅटर्न ३०३ चा. दर वेळी गणित नको म्हणून पट्टीच तेवढी वाढवून आखलेली असते. ती मी एकदा रजिस्टरला रेघा मारायला ऑफिसात उचलून आणली, तर आण्णा हातातलं काम टाकून मागं पळत आले. त्या दिवसापासून माझ्या टेबलावर माझी स्वतःची प्लॅस्टिकची पट्टी आहे, आणि ती शॉपमध्ये न्यायला मला बंदी आहे.

पॅटर्न तयार असला की वाळू. पेटीत पॅटर्नभोवती ती ठासून भरायची आणि पॅटर्न काढून घ्यायचा, की राहिलेली पोकळी हाच साचा. हिला ग्रीन सँड म्हणतात, रंग मात्र काळा कुळकुळीत. ग्रीन म्हणजे ओली, न भाजलेली. सिलिका वाळू, बेंटोनाइट माती, कोळशाची पूड आणि तीन-चार टक्के पाणी. सगळा खेळ त्या पाण्याचा. आमच्याकडे ओलावा मोजायचं यंत्र आहे, त्यावर आकडाही येतो. पण येळ्ळूरचे एक मामा आहेत, तीस वर्षं मोल्डर, म्हणजे वाळूचे साचे भरणारे. ते सकाळी मूठभर वाळू घेऊन आवळतात, मूठ उघडतात आणि तो गोळा मधोमध मोडतात. कडा स्वच्छ तुटली तर ठीक. बोटांचे ठसे नीट उठले नाहीत तर कोरडी, तळहाताला चिकटली तर ओली. "आज वाळू जड हाय बघ," एवढंच म्हणतात.

तीन पावसाळ्यांपूर्वी मामा तसंच म्हणाले होते. यंत्रावर आकडा बरा दिसत होता, वर माझी तारीख गळ्याशी आलेली. मीच म्हटलं, चालू द्या. पंपाच्या चाळीस केसिंग, म्हणजे बाहेरची कवचं, ओतल्या. बाहेरून एकदम गुळगुळीत, रंग देऊन पाठवल्या. आठवड्यानं गिऱ्हाइकाच्या मशिनशॉपमधून फोन. लेथवर पहिला कट घेतला आणि कातडीखाली कीड लागल्यासारखी भोकं! वाळूतल्या जास्तीच्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की ती लोखंडातच अडकते. अशी एकवीस केसिंग परत आली. मामांनी मला एका शब्दानं बोललं नाही, आणि तेच जास्त लागलं. शिवाय आमच्याकडे मोल्डरची मजुरी चांगल्या पेटीवर ठरते. माझ्या "चालू द्या"चे पैसे त्यांच्या हिशेबातून कापायला निघाले होते. दोन दिवस मालकांशी भांडून ते थांबवलं.

आता तुमचा भाग का रखडतो? बहुतेक वेळा भट्टीमुळे, आणि भट्टी बंद असते म्हणून नव्हे. वडापची जीप भरल्याशिवाय सुटत नाही, तसंच आहे हे. तुम्हाला हवं एफजी २६०, शेजारच्याला एफजी २००, तिसऱ्याला एसजी ५००/७. या बिडाच्या ग्रेड: एफजी म्हणजे साधं करडं बीड, एसजी म्हणजे मॅग्नेशियम घालून केलेलं चिवट बीड. २६० म्हणजे ताण सोसायची ताकद, तेवढे न्यूटन दर चौरस मिलिमीटरला. एका हीटमध्ये, म्हणजे भट्टीच्या एका भरणीत, एकच ग्रेड. आमची भट्टी ५०० किलोची, तुमचे नग भरतात ऐंशी किलो. बाकीच्या ४२० किलोंना त्याच ग्रेडचे सोबती मिळेपर्यंत तुमचा पॅटर्न रॅकवर बसून राहतो. टनभर बीड वितळवायला साडेपाचशे-सहाशे युनिट वीज जाते. अर्धी भट्टी कोण चालवणार?

आणि माणसं. आमची निम्मी माणसं आजूबाजूच्या गावांतली, घरची भातशेती असलेली. जुलैत रोप लावणीला आणि नोव्हेंबरात सुगीला हजेरीपटावर भोकं पडतात, तीही केसिंगसारखीच, आधी दिसत नाहीत. "मॅडम, दोन दिस," म्हणून गेलेला माणूस आठवड्यानं येतो. मी आता तारीख देताना भिंतीवरचं कॅलेंडर बघते, ढगही बघते. त्यात अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी बेळगावात ओतकाम ठरवणाऱ्याला मी नवशिका समजते.

ओतायची ती दोन मिनिटं मात्र बघण्यासारखी असतात. बीड साडेअकराशे-बाराशे अंशांना वितळतं, ओततात साडेतेराशेच्या पुढं. आधी एक पाचरीसारखा नमुना ओतून, थंड करून, हातोडीनं फोडतात आणि तुटलेल्या टोकाला पांढरं किती आहे ते बघतात. पांढरं जास्त म्हणजे लोखंड कडक, मशिनवर टूल खाणार. मग ते पांढरं आटोक्यात ठेवायला लॅडलमध्ये, म्हणजे ओतायच्या भांड्यात, चिमूट-दोन चिमूट फेरोसिलिकॉन, वरची मळी बाजूला, आणि पेट्यांची रांग. एसजी असेल तर आणखी घाई, कारण त्यात घातलेल्या मॅग्नेशियमचा गुण मिनिटामिनिटाला उतरतो. लॅडल धरणारे दोघं, त्यांतला एक ओडिशाचा. रायझरच्या, म्हणजे साच्यावरच्या जादा लोखंडाच्या नळीच्या, तोंडाशी नारंगी रेघ वर आली की समोरून मामा ओरडतात, "साकू!" पुरे म्हणायला आमच्याकडे सगळे कानडीच वापरतात, मामांना दुसरा कानडी शब्द धड येत नसला तरी. ओडिशाच्या पोराला तर तो मराठीच वाटत होता.

त्यानंतर रात्रभर पेटी तशीच. घाईनं उघडली तर नग तडकतो. सकाळी वाळू झाडायची, रनर (लोखंड आत नेणाऱ्या वाटेत थिजलेला भाग) आणि रायझर हातोडीनं तोडायचे. ओतलेल्या शंभर किलोंतले पस्तीस-चाळीस तिथंच परत भट्टीकडे जातात. मग शॉटब्लास्ट (छर्ऱ्यांच्या माऱ्यानं सफाई), ग्राइंडिंग, तपासणी, रंग.

काल संध्याकाळी इचलकरंजीचा फोन आलाच. म्हटलं, शुक्रवारी २६० ची हीट लावलीय, दोनशे किलोंची जागा अजून रिकामी आहे. ते म्हणाले, "मग माझेच आणखी वीस नग वाढवा की!" पॅटर्न एकच आहे आणि पेट्या भरणारे मामा शनिवारी मुलीकडे खानापूरला जाणार आहेत. विचारून सांगते म्हणाले.