तुम्ही विचारलंत म्हणून: त्या रात्री पूर आला नव्हता

आता एकदाच लिहून टाकतो, म्हणजे पुढच्या वेळी कोणी विचारलं की हेच पाठवता येईल. प्रश्न असा की तुम्ही मूळचे सांगलीचे, घरात पुराचं पाणी शिरलेलं, आणि तरी सुट्टी मिळाली की ती आरव्ही, म्हणजे ते चाकांवरचं घर, घेऊन डमॅस्कसला त्या पाण्याच्या अगदी काठावर जाऊन का राहता, आणि तेही हेलेन वादळानंतर? शार्लटच्या आमच्या मराठी मंडळात हे मला गणपतीत विचारतात, दिवाळीत विचारतात, गेल्या संक्रांतीला एका काकूंनी तिळगूळ हातावर ठेवता ठेवता विचारलं. सूर असा की या माणसाचं काहीतरी बिनसलंय पण चारचौघांत बोलायचं कसं.

पैसे वाचतात म्हणून जात नाही, हे आधी सांगतो. आमची जुनी क्लास सी गाडी गॅलनला आठ-दहा मैल देते, चढावर तेवढंही नाही, वर साइटचं भाडं, इन्शुरन्स, हिवाळ्यात पाइप फुटू नयेत म्हणून करायचे उपद्व्याप, एवढ्यात चांगल्या हॉटेलात राहून होईल आणि सकाळी वॉफल फुकट. आणि हो, तो संडासाचा टँक मी स्वतःच रिकामा करतो. ‘शी’ म्हणायचं असेल तर म्हणून घ्या. हातमोजे घालायचे, आधी ब्लॅक टँक, म्हणजे संडासाचा, सोडायचा आणि मग ग्रे, म्हणजे भांड्या-आंघोळीच्या पाण्याने पाइप आतून धुऊन निघतो, दहा मिनिटांचं काम आहे. ज्या मित्राने हे ऐकून तोंड वाकडं केलं त्याच्या घरी कमोड तुंबला की तो दोनशे डॉलर देऊन प्लंबर बोलावतो आणि आठवडाभर त्याचीच गोष्ट सांगतो.

डमॅस्कस म्हणजे व्हर्जिनियाचं, सीरियाचं नाही (हा विनोद करून झालाय, प्लीज परत नको). वस्ती आठशेच्या आत. अ‍ॅपलाचियन ट्रेल, जॉर्जियातून निघून मेनपर्यंत २,१९० मैलांच्या वर जाणारी पायवाट, ती या गावाच्या मेन रोडवरूनच जाते, म्हणजे तुम्ही आइस्क्रीम खात फुटपाथवर उभे असता आणि समोरून महिनाभर दाढी न केलेला, लांबूनच वास येणारा पोरगा पाठीवर संसार घेऊन चालत येतो आणि लायब्ररी कुठंय विचारतो. मे महिन्यात ट्रेल डेज, म्हणजे या चालणाऱ्यांची जत्रा, असतात तेव्हा गावाच्या कितीतरी पट माणसं तंबू ठोकून बसतात. आणि व्हर्जिनिया क्रीपर ट्रेल. जुनी रेल्वे लाइन, १९७७ ला शेवटची गाडी गेली आणि मग रूळ काढून सायकलींसाठी वाट केली, अ‍ॅबिंग्डन ते व्हाइटटॉप ३४ मैल, डमॅस्कस साधारण मध्यावर. शटलवाले सायकलींसकट व्हाइटटॉपला नेऊन सोडायचे आणि तिथून १७ मैल जवळपास सगळा उतार, लाकडी पुलांवरून खडखड करत, खाली लॉरेल क्रीक, म्हणजे डोंगरातला ओढा. माझी पोरं सायकल तिथे शिकली म्हटलं तरी चालेल. ‘सोडायचे’ म्हणतोय कारण तो वरचा भाग आता नाही, त्यावर येतोच.

आमचं कॅम्पग्राउंड गावापासून थोडं बाहेर, क्रीकला लागून. नाव सांगत नाही, चांगली माणसं आहेत. खालच्या रांगेतल्या साइट्स पाण्याला अगदी चिकटून, दार उघडलं की गवत, पिकनिक टेबल आणि मग गोटे नि पाणी. रात्री खिडकी उघडी ठेवून झोपलं की पाण्याचा आवाज. मी सांगलीच्या गावभागात वाढलोय, आमच्या घरातून नदी ऐकू यायची नाही पण तिचा वास यायचा, पावसाळ्यात गढूळ आणि उन्हाळ्यात शेवाळाचा. इथे वास नाही, आवाज आहे. मला तेवढं पुरतं. हे उत्तर कोणाला पटत नाही, ठीक आहे.

आता ती रात्र, कारण मंडळात जी गोष्ट फिरते ती चुकीची फिरते.

२०२२ च्या जुलैमध्ये आई आलेली, कोविडनंतर पहिल्यांदाच. २०१९ चा ऑगस्ट तिने काढलाय. कृष्णेची पातळी आयर्विन पुलापाशी मोजतात, ४५ फुटांवर धोका, आणि त्या वर्षी पाणी ५७ च्या वर गेलं. मारुती चौकात बोटी फिरत होत्या, आई आणि शेजारच्या मामी वरच्या मजल्यावर एका गॅसवर सात माणसांचं करत होत्या, आणि ब्रह्मनाळला बोट उलटल्याची बातमी तिने तिथे बसून रेडिओवर ऐकली. मी इथे शार्लटला फोन हातात धरून बसलेलो. हे सगळं माहीत असताना मी तिला नदीकाठी नेलं, असं बायको म्हणते. पण आईला विचारूनच नेलं होतं, आणि क्रीक बघून ती हसली होती. म्हणाली, ‘एवढंच? अरे, आपली येरळासुद्धा याच्यापेक्षा मोठी.’

दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस सुरू झाला. तिने काही न बोलता ऑनिंगच्या, म्हणजे दाराबाहेरच्या कापडी छपराच्या, डब्यातली तंबूची एक खुंटी काढली, तिला लाल दोरा बांधला आणि पाण्याच्या कडेला दोन गोट्यांमध्ये ठोकून आली. आमच्याकडे हे असंच करतात, घाटाच्या किती पायऱ्या बुडल्या यावर सगळं गाव हिशेब करतं, आणि तिकडे कोयनेतून किती सोडलं ते रेडिओवर. संध्याकाळी ती तीन वेळा छत्री घेऊन खुंटी बघून आली. मी तिला फोनवर दाखवलं, हे बघ, डमॅस्कसजवळ होल्स्टन नदीवर सरकारी गेज आहे, पाणी किती फूट ते घरबसल्या दिसतं, धोका असला तर फोन बोंबलतो, इथे सिस्टिम आहे. तिने चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाली, ‘ही होल्स्टन. आणि हिचं कुठंय?’ क्रीकचं मला काही सापडलं नाही. मी विषय बदलला.

रात्री दोनच्या सुमाराला तिने मला हलवलं. साडी खोचलेली, पाय ओले, हातात टॉर्च. ‘ऊठ. खुंटी दिसत नाही.’

मी बाहेर जाऊन बघितलं. पाऊस होता, पाणी चढलेलं होतं, गढूळ होतं, आवाज बदललेला. पण टेबलापासून अजून लांब होतं. मी म्हटलं आई, सकाळी बघू. ती म्हणाली, ‘२००५ ला तुझे बाबा पण सकाळी बघू म्हणाले होते.’ आता यावर काय बोलणार. बायको उठली, धाकटा रडायला लागला, थोरली म्हणाली आजी प्लीज. मी आवाज चढवला, काय बोललो ते इथे लिहीत नाही, पण एवढं सांगतो की ती आम्हाला पुराच्या शिकवण्या देत होती त्याचा मला राग नव्हता. राग याचा होता की एवढी वर्षं मी तिला सांगत होतो, तू इकडे ये, इकडे पाणी येत नाही. आणि ती आली होती. आणि आता माझ्या गाडीत उभी राहून सांगत होती की येतं.

तिने वाद घातला नाही. ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसली, मांडीवर पर्स आणि देवाचा डबा, बेल्ट लावून. बस, संपलं. आता निघण्याशिवाय इलाज नाही हे घरातल्या पोरांनासुद्धा कळलं.

आरव्ही म्हणजे किल्ली फिरवली आणि निघालो असं नसतं. स्लाइड-आउट, म्हणजे गाडीच्या बाजूने बाहेर सरकवलेला भाग, आत घ्यायचा, त्याआधी त्यात आडवं आलेलं सगळं उचलायचं, ऑनिंग ओलीच गुंडाळायची, ब्रेकर बंद करून मग तीस अ‍ॅम्पचा प्लग ओढायचा, उलट केलं तर पावसात काय होईल ते मी सांगायला नको. टॉर्च दातात धरून मी सीवरचा पाइप सोडवत होतो, तो धुवायला वेळ नव्हता, हातमोज्यांत पाणी गेलेलं, आणि तेवढ्यात शेजारच्या साइटवरची आजी रेनकोट घालून भला मोठा टॉर्च घेऊन आली. ती पूर्ण सीझन तिथेच राहायची, एक म्हातारा कुत्रा आणि ती. काय झालं विचारलं. मी काय सांगणार, म्हटलं आईला भीती वाटते. तिने आत बघितलं, आई बेल्ट लावून समोर बघत बसलेली. मग तिने काही न बोलता आमचा पाण्याचा होज सोडवला, व्यवस्थित गुंडाळला, चाकांखालचे चॉक काढून डब्यात ठेवले, आणि जाता जाता म्हणाली, मी आले तेव्हापासून पाणी त्या टेबलापर्यंत कधी आलेलं नाही, पण तुमची आई आहे, तुम्ही जा.

अ‍ॅबिंग्डनला एका मोठ्या दुकानाच्या पार्किंगमध्ये उरलेली रात्र काढली. दिव्याखाली. कोणी कोणाशी बोललं नाही. आई मात्र गाढ झोपली, घोरत होती.

सकाळी परत आलो तर पाणी टेबलाच्या पार खाली, गोटे उघडे पडायला लागलेले, पोरं त्याच्यात खेळतायत. खुंटी मिळाली नाही. वाहून गेली असेल, कुत्र्याने उचलली असेल, तो काय वाटेल ते उचलायचा. आई म्हणाली, ‘ओसरलं वाटतं,’ आणि पोह्यांना कांदा चिरायला घेतला.

एवढीच ती गोष्ट. पूर आला नाही. मंडळात सांगतात की आईंनी ओळखलं आणि कुटुंब वाचलं. नाही वाचलं, कारण काही झालंच नव्हतं. त्या रात्री आई चूक होती, हे मी आजही म्हणतो आणि तिच्या तोंडावर म्हणालोय.

मग २७ सप्टेंबर २०२४. हेलेन. आम्ही शार्लटला घरी होतो. आधीच दोन दिवस पाऊस झालेला, त्यावर वादळ, आणि व्हाइटटॉपच्या बाजूने पाणी असं खाली आलं की क्रीपरच्या वरच्या भागातले १८ पूल गेले, ५८ नंबरचा रस्ता जागोजागी वाहून गेला, गावात घरं गेली. मी हे लिहितोय तेव्हाही डमॅस्कस ते व्हाइटटॉप तो भाग बंदच आहे, अ‍ॅबिंग्डनची बाजू तेवढी चालू. आमच्या खालच्या रांगेचे फोटो नंतर बघितले. टेबलं नव्हती, कुठली साइट कुठे होती तेही कळत नव्हतं, विजेचा एक खांब आडवा आणि त्याला कोणाची तरी ऑनिंग गुंडाळलेली.

तेव्हापासून फोन. ‘बघा, आई म्हणत होत्या ना.’ अहो, ती २०२२ बद्दल म्हणत होती. दोन वर्षांपूर्वी न आलेल्या पुराबद्दल कोणी बरोबर असू शकतं का? आणि दुसरं, तिची खुंटी ही कृष्णेची खुंटी आहे. कृष्णा सांगलीत इंच-इंच चढते, कोयनेतून सोडलेलं पाणी पोचायला वेळ लागतो, तुम्हाला गाद्या वर न्यायला, धान्य उचलायला, भांडायला वेळ असतो. डोंगरातली क्रीक तसा वेळ देत नाही, काही तासांत येते आणि जाते. हेलेनच्या वेळी तिथे कोणी दोऱ्याची खुंटी बघत बसला असता तर खुंटीबरोबर गेला असता. म्हणजे तिची पद्धत इथे चालणारी नाही. हे मी फार जोरात सांगायचो. मग थोरलीने एकदा जेवताना विचारलं, ‘बाबा, पण तुझी पण पद्धत नाही ना चालत? क्रीकला गेजच नाही.’ ती आजीची नात आहे. मी २०२२ मध्ये फोन दाखवत जे जे बोललो, सिस्टिम आहे वगैरे, ते आता बोलत नाही, पण ते सगळं खोटं होतं असंही मी म्हणणार नाही. तेवढ्या भरवशावरच आपण सगळे इथे राहतो की.

आईला फोन करून सांगितलं तेव्हा मला वाटलं आता ऐकवेल. तिने विचारलं, ती कुत्र्याची म्हातारी कुठंय. मी ऑफिसला फोन केला होता, ती सप्टेंबरच्या सुरुवातीलाच लेकीकडे गेली होती, असं कळलं. ‘मग ठीक,’ म्हणाली, आणि दळणाचं काहीतरी बोलायला लागली.

तर तुमचा प्रश्न. सांगलीत २००५ ला पाणी आलं, २०१९ ला आलं, २०२१ ला आलं, आणि गावभाग रिकामा झाला का? माझा भाऊ अजून तिथेच आहे, खालच्या मजल्याला परत रंग काढून. त्याला कोणी तिळगूळ देताना विचारत नाही की तुम्ही नदीकाठी का राहता. मला विचारता. यावर बायकोचं म्हणणं असं की भावाचं ते घर आहे, तुझी ही हौस आहे, आणि हौसेसाठी पोरांना काठावर झोपवायचं नसतं. मी म्हणतो हौस तर हौस. ती म्हणते मग एकटा जा. मी एकटा एकदा गेलो पण होतो, कंटाळा आला.

यंदा मे महिन्याचं बुकिंग केलंय, ट्रेल डेजनंतरच्या आठवड्याचं, गर्दी ओसरल्यावर. खालची रांग तशीही बंद आहे, वरच्या रांगेत साइट मिळाली आहे, तिथून पाणी ऐकू येत नाही असं बायकोला सांगितलंय. येतं थोडं. आई पुढच्या वर्षी यायचं म्हणतेय, तिला नेणार का हे मात्र मला आत्ता विचारू नका.