सिम्प्सन्सची संदर्भनोंद, सीझन ५: 'केप फिअर'चा भाग

'सिम्प्सन्स' या अमेरिकन कार्टून मालिकेत कुठल्या चित्रपटांचं विडंबन किंवा उल्लेख येतात, त्याची ही नोंद. ७ ऑक्टोबर १९९३ला दाखवलेला हा भाग नोंदवून झाला. मालिकेतला खलनायक साइडशो बॉब छोट्या बार्टच्या मागे लागतो तो. 'केप फिअर' एवढंच लिहिलेल्या जुन्या नोंदी मोडून पुन्हा लिहाव्या लागल्या, कारण या नावाचे चित्रपट दोन आहेत: १९६२चा जे. ली थॉम्प्सनचा आणि १९९१चा स्कोर्सेसीचा. गाडीच्या खाली स्वतःला बांधून केलेला प्रवास आणि थिएटरात सिगार ओढत खदाखदा हसणं, या दोन्ही गोष्टी १९९१च्या. ती दमदार, धडकी भरवणारी धून मात्र बर्नार्ड हरमनने १९६२साठी रचलेली. १९९१मध्ये एल्मर बर्नस्टीनने तीच नव्याने बांधून वापरली. म्हणून संगीताच्या रकान्यात मूळ १९६२ आणि त्यापुढे १९९१, असं दोन्ही लिहायचं.

सगळ्यात सुंदर नोंद बॉबच्या बोटांवरच्या गोंदणाची. एका हातावर 'एल-यू-व्ही', दुसऱ्यावर 'एच-ए-टी' आणि त्यातल्या 'ए'वर आडवी रेघ. हे आलं 'द नाइट ऑफ द हंटर'मधून (१९५५). तिथे रॉबर्ट मिचमच्या बोटांवर 'लव्ह' आणि 'हेट' चार-चार अक्षरांत आहे. सिम्प्सन्सच्या पात्रांना अंगठा धरून चारच बोटं, म्हणजे गोंदायला तीन. म्हणून स्पेलिंग आखडलं, आणि उच्चार 'हेट'च राहावा म्हणून ती रेघ. शिवाय १९६२च्या चित्रपटातला खलनायक मिचमच, आणि १९९१मध्ये तोच पोलीस अधिकारी! अशा साखळीसाठी आता 'नटामार्फत दुवा' हा वेगळा रकाना केला आहे.

बॉबचा दाताळ्यावर (बागेतल्या रेकवर) पाय पडण्याचे प्रसंग नऊ. भाग लांबीला कमी पडत होता म्हणून ते वाढवले गेले. विडंबनात मोजायचे नाहीत. 'एच.एम.एस. पिनाफोर' (१८७८) हे विनोदी संगीत नाटक गाण्यांसकट येतं, पण त्याची चेष्टा होत नाही, म्हणून 'उल्लेख'.

अमेरिकन डीव्हीडीवरून फ्रेम पकडताना दर पाचांतल्या दोन फ्रेममध्ये कंगव्यासारख्या रेघा दिसतात. चित्रपटाच्या सेकंदाला २४ फ्रेम टीव्हीच्या ३० मध्ये बसवताना दोन चित्रांच्या अर्ध्या-अर्ध्या ओळी एकत्र येतात, त्याचा हा परिणाम. नुसतं डीइंटरलेस केलं (म्हणजे त्या रेघा सरसकट मिसळून घालवल्या) तर बारीक अक्षरं पुसट होतात. इन्व्हर्स टेलिसिने (मूळ २४ फ्रेम परत वेगळ्या करणारं फिल्टर) लावा, मग व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये 'ई' दाबत एकेक फ्रेम पुढे सरका. चित्र ४:३च हवं. रुंद पडद्यासाठी कापलेल्या आवृत्तीत वरचा-खालचा भाग जातो. सीझन ४च्या 'डफलेस'मध्ये डफ कंपनीच्या तिन्ही प्रकारच्या बिअर एकाच नळातून येतात हा विनोदच त्यात दिसत नाही.

यानंतर नोंदवायचा भाग 'रोझबड', 'सिटिझन केन'शी (१९४१) शॉटनिहाय ताडून. सुरुवात काचेच्या गोळ्यापासून.