वाट एकदाबी न्हाई

माउलींच्या वारीत दिवे घाटाच्या दिवशी एकादशी येते, हे मला लहानपणापासून माहीत होतं. तरी पुण्यातून पहाटे निघताना कुणीतरी हातात चहा दिला, वर दोन बिस्किटं ठेवली, आणि मी ती खाल्ली. हडपसर ओलांडल्यावर आठवलं. शेजारी गंगाखेडच्या मावशी चालत होत्या. त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "खाल्लं तर खाल्लं. माउली काय तोंड हुंगत बसती का?"

ही 2024 सालची गोष्ट. मी बार्शीची. वय एक्केचाळीस, नोकरी बँकेत, चालायची सवय स्टँडपासून घरापर्यंतची. पिशवीत दोन ड्रेस, टाचांना लावायचं मलम आणि आजीचं जुनं इरकली लुगडं. लुगडं का घेतलं, ते मलाही नीट सांगता आलं नसतं. आई म्हणाली, "ओझं कशाला?" मी म्हटलं, पांघरायला होईल.

आजी 2023 च्या थंडीत गेली. ब्याण्णव वर्षांची होती. पंधराव्या वर्षी, 1946 साली ती लग्न होऊन बार्शीत आली. माहेर भूमकडचं, म्हणजे तेव्हाच्या निजामाच्या मुलखातलं. सासर इंग्रजी अमलातलं. अंतर काही कोसांचंच, पण मध्ये सरहद्द. दोन वर्षांत रझाकारांचा धुमाकूळ सुरू झाला आणि तिकडून माणसं पोरंबाळं घेऊन बार्शीला येऊ लागली. आजीच्या माहेरचीही आली. सतरा वर्षांची ही नवी सून पहाटे तीनला जात्यावर बसायची आणि ज्वारी दळायची, कारण पडवीत रोज नवी माणसं निजलेली असायची. सप्टेंबर 1948 मध्ये पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, माणसं परतली. जातं मात्र थांबलं नाही, असं ती म्हणायची. त्यात तक्रार होती की अभिमान, हे मी तेव्हा विचारलं नाही.

आजोबा आडतीवर दिवाणजी होते. पगार बेताचा, पोरं पाच. पण गल्लीतली सगळ्यात मोठी पातेली आमच्या घरी होती, आणि ती कुणाकडे गेलीत याची वही आजी ठेवायची. अक्षर तिला माझ्या मोठ्या आत्याने शिकवलं, म्हणून त्या वहीत आत्याच्या दुसरीतल्या वळणाची अक्षरं आहेत: बारसं, सुपारी, दहावा, पूजा. गावाचा सगळा जन्ममृत्यू तिथे पातेल्यांच्या हिशोबात लिहिलेला आहे. कुणाकडे माणूस गेलं की दुपारी आमच्याकडून पिठलं-भाकरी निघालीच. बाळंतिणीला न्हाऊ घालायला आजी. 1972 च्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो ज्वारी मिळायची. तिच्या भाकरी थापता थापता फुटायच्या. त्या न फुटता कशा करायच्या, हे शिकायला बायका आमच्या चुलीपाशी यायच्या. किल्लारीचा भूकंप तर मला स्वतःला आठवतो. 30 सप्टेंबर 1993, आदल्या दिवशी गणपती बुडवलेले. मी दहा वर्षांची. दुपारपर्यंत गल्लीतल्या बायका आमच्या अंगणात भाकरी थापत होत्या आणि माझ्याकडे भाकरी मोजायचं काम होतं. चारशेनंतर मी मोजणी चुकले. आजी म्हणाली, "चुकू दे. खाणारा मोजत न्हाई."

अशी बाई. साहजिकच गाव तिला नावाजायचं. आषाढात मराठवाड्यातून येणाऱ्या दिंड्यांपैकी एक आमच्या गल्लीत उतरायची. तिचा सगळा स्वयंपाक आमच्याकडे. दिंडीचे महाराज दरवर्षी तेच म्हणायचे, "माय, तुम्हाला वारीची काय गरज? तुमची वारी दारातच." आजोबा मान हलवायचे, काका मान हलवायचे. आम्हीही.

शेवटच्या वर्षी तिचे पाय चेपत होते. टीव्हीवर रिंगण चाललं होतं. ती एकदम म्हणाली, "मी पंढरपूर चाळीस बार बगितलं. वाट एकदाबी न्हाई."

ते खरं होतं. बार्शी लाइटच्या गाडीने, त्या अडीच फुटी रुळांवरच्या, सकाळी कुर्डुवाडीवरून पंढरपूर आणि रात्रीपर्यंत घरी. पुढे एसटीने. कधी कार्तिकीला, कधी अशीच एखाद्या एकादशीला. आषाढीला कधीच नाही, कारण आषाढात घरी दिंडी. मी विचारलं, मग गेली का नाहीस चालत? ती म्हणाली, "मला कुनी इचारलंच न्हाई." जरा थांबून, "2020 ला माउलीबी एसटीनं गेली बग. तवा वाटलं, चला, आता आमी बरोबरीचे." आणि हसली. त्या वर्षी करोनामुळे पादुका खरोखरच एसटीतून पंढरपूरला नेल्या होत्या.

तर ते "कुनी इचारलंच न्हाई" घेऊन मी आळंदीला गेले.

घाट चढताना विचार करायला सवड मिळत नाही, हे बरं. रथाला जादा बैलजोड्या लावलेल्या. ऊन, मध्येच एक सर, पुन्हा ऊन. खाली पाहिलं तर वळणावळणांवर पांढऱ्या टोप्या आणि त्यांत लुगड्यांचे हिरवे-लाल ठिपके. आमची दिंडी रथामागची. पुढे पताका, मग टाळकरी, मध्ये वीणा आणि मृदंग, आणि मागे आम्ही बायका. डोक्यावर तुळस घेतलेल्या दोघी-तिघी सगळ्यांत मागे. पुण्याहून सासवड म्हणजे तीस किलोमीटरच्या वर, सगळ्या वारीतला सर्वांत लांब टप्पा. सासवडला पोचले तेव्हा माझ्या डाव्या टाचेला रुपयाएवढा फोड होता. मावशींनी सुईत दोरा ओवला, फोडातून आरपार काढला आणि दोरा तसाच ठेवला. पाणी झिरपून जातं. बँकेतल्या डॉक्टरबाईंना मी हे अजून सांगितलेलं नाही.

मावशी सत्तरीच्या. ही त्यांची अकरावी वारी. पहिल्या वारीला घरच्यांना काय सांगितलं, असं विचारलं तर म्हणाल्या, "सांगितलं न्हाई. दोन सुनांपुढं चाव्या ठिवल्या आन म्हनलं, भांडू नका, अठरा दिवसांनी येते." मी विचारलं, आणि नवरा? "त्यो म्हनला, माज्या च्याचं काय. म्हनलं, शिक."

जेजुरीत भंडारा उधळला, सगळे पिवळे झाले. वाल्ह्यात पाऊस. नीरेत माउलींच्या पादुकांना स्नान घातलं, त्या गर्दीत मी पुलावरच अडकले, काही दिसलं नाही. हे झाकून कशाला ठेवायचं? वारीत निम्म्या गोष्टी दिसत नाहीत, समोरच्याची पाठ दिसते.

लुगड्याचा उपयोग मात्र लोणंदला कळला. बायकांच्या अंघोळीचं दुखणं वारीत जुनंच आहे. आता फिरती शौचालयं असतात, त्याने फार फरक पडलाय, असं जुन्या वारकरणी सांगतात. पण अंघोळ पहाटे तीनला, टँकरच्या तोटीखाली, अंधाराचा आडोसा करून. मी पिशवीतून लुगडं काढलं. नऊ वार. चौघींनी चार कोपरे धरले आणि आत एकेक बाई अंघोळ करून आली. त्यानंतर रोज पहाटे "बार्शीवाली, लुगडं आन" अशी हाक यायची. माझं नावच कुणाला माहीत नव्हतं. दिवसभर ते पताकेच्या काठीवर वाळायचं. आजीचं लुगडं फलटण, बरड, नातेपुते असं वाऱ्यावर फडफडत गेलं.

लोणंदलाच आणखी एक झालं. दिंडीचा स्वयंपाक आचारी करतात, ट्रकमधून पुढे जाऊन. त्यासाठी प्रत्येकाने दिंडीकडे पैसे भरलेले असतात, त्याला भिशी म्हणतात. त्या दिवशी आचाऱ्यांचा एक माणूस तापाने पडला. दिंडीचालकांनी बायकांच्या राहुटीत डोकावून म्हटलं, "माउली, जरा चपात्यांना हात लावता का?" आम्ही पाच-सहा जणी उठलोसुद्धा. मी तर उठून पदर खोचायचा म्हणून ओढणी खोचली. मावशी पडल्या पडल्या म्हणाल्या, "आमी भिशी भरलीया. बाप्यांना हात न्हाईत व्हय?" क्षणभर सगळे गप्प. मग चार टाळकरी आले आणि त्यांनी चपात्या लाटल्या. नकाशे झाले, पण झाल्या. जेवताना मला घास गिळवेना. चपाती कच्ची होती हे एक; आणि दुसरं, मी किती झटकन उठले होते ते.

चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं, पुढे पुरंदवड्याला गोल. गोल रिंगणात घोड्यांच्या आधी पताकावाले धावतात, मग तुळशीवाल्या, मग विणेकरी. साठ-सत्तर वर्षांच्या बायका डोक्यावर तुळस घेऊन धावत सुटल्या आणि मावशी त्यांत पुढे. मी काठावर उभी राहून टाळ्या वाजवत होते. घोडा गेल्यावर लोक टापांखालची माती कपाळाला लावायला तुटून पडले. मी मावशींची चप्पल शोधत होते.

मुक्कामावर रोज संध्याकाळी समाजआरती होते. सगळ्या दिंड्या तळावर गोलाकार उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा कल्लोळ चाललेला असतो. मग चोपदार दंड उंच करतो आणि एका क्षणात सगळं शांत. इतक्या माणसांची अशी शांतता मी दुसरीकडे कुठे अनुभवली नाही. पण एखाद्या दिंडीची तक्रार असेल, तर ती दिंडी टाळ थांबवत नाही. पाणी मिळालं नाही, जागा मिळाली नाही, काहीही असो. त्या शांततेत तेवढेच टाळ वाजत राहतात. चोपदार तिकडे जातो, तक्रार ऐकून घेतो, तेव्हा ते थांबतात. मग हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंचा पुकारा होतो आणि आरती.

माळशिरसला डावीकडच्या कोपऱ्यातून असे टाळ वाजत राहिले. बराच वेळ. आणि मला आमचं स्वयंपाकघर आठवलं. आषाढात, दिंडी जेवून पंढरपूरच्या रस्त्याला लागली की आजी पातेली घासायला बसायची, आणि भांडी फार आपटायची. एरवी तिच्या हातून वाटीचाही आवाज यायचा नाही. आम्ही म्हणायचो, दमली बिचारी. नंतर म्हणायचो, वय झालं, हाताला कंप आहे. दरवर्षी, त्याच दिवशी. एकानेही उठून जाऊन विचारलं नाही.

त्या रात्री मी लुगडं पांघरलं नाही, उशाला घेतलं.

वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी. वाखरीला सगळ्या पालख्या जवळ येतात आणि माणूस माणसात मावत नाही. दशमीला पंढरपुरात शिरलो. 17 जुलैला एकादशी. पदस्पर्शाची रांग फारच लांब होती, मावशींनी चंद्रभागेत डुबकी मारली, नामदेव पायरीला हात लावला, कळसाकडे बघून हात जोडले आणि म्हणाल्या, "झालं." मी विचारलं, दर्शन? "त्यो उबाच हाय. कुटं जातोय?" पौर्णिमेच्या काल्यापर्यंत त्या थांबणार होत्या. निघताना मी लुगडं त्यांना देऊ केलं. त्यांनी हातात घेतलं, पोत बघितला, घडी मोडून पुन्हा नीट घातली आणि परत दिलं. "पुढल्या साली लागंल तुला."

मी द्वादशीला बार्शीला परतले. आमच्या गावात द्वादशीचं महत्त्व एकादशीएवढंच. अंबरीष राजाच्या द्वादशीच्या व्रतासाठी देव इथे आला, तोच भगवंत, अशी कथा. लोक पंढरपूरची एकादशी करून बार्शीत पारणं फेडतात. एसटी भरलेली होती. कुर्डुवाडीपर्यंत उभी होते, पुढे जागा मिळाली.

घरी आई चुलीपुढे. गॅस आहे, पण आमच्याकडे अजून चूल म्हणतात. हात पिठाने भरलेले. भगवंताचं दर्शन घेऊन येणारी माणसं जेवायला यायची होती. आजी गेल्यापासून ती वही आईकडे आली आहे. आई अडुसष्टची. निघताना मी तिला विचारलं होतं, येतेस का? तर म्हणाली होती, "मला कुठं गं वेळ."

"पाय दाखव," ती म्हणाली.

मी पाटावर बसून पाय पुढे केले. तिने पिठाच्या हातानेच टाच धरली, फोडाच्या वाळलेल्या सालीवरून अंगठा फिरवला. दोऱ्याची गोष्ट सांगितली, तर हसली नाही. पिशवीतलं लुगडं बाहेर आलं होतं. त्याच्याकडे पाहिलं, वास घेतला. लोणंदची धूळ, टँकरचं पाणी, कसला कसला वास असेल. मग परातीकडे वळली, गोळा तोडला, थापायला घेतला. पाठमोरीच म्हणाली,

"भिशी किती घेतात गं?"