समेवर येणारा तिसरा ‘चा’

दादरच्या एका क्लासमध्ये गेले तीन महिने मी चा-चा-चा हा नाच शिकत आहे आणि त्यातला पहिला महिना केवळ चुकीच्या मात्रेवर पाऊल टाकण्यात गेला. शाळेत असताना चार वर्षे तबला शिकल्यामुळे माझा पाय आपोआप समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर पडे. बाई मात्र पहिली मात्रा सोडून दुसरीवर पाऊल टाकायला सांगत.

या नाचाचा जन्म १९५०च्या आसपास क्यूबाच्या हवाना शहरात झाला. व्हायोलिनवादक आणि संगीतकार एन्रिके होरिन तेव्हा ‘ओर्केस्ता आमेरिका’ या वाद्यवृंदात होते. त्या काळच्या दान्सोन-माम्बो या नृत्यसंगीतात आघात मात्रांच्या अधेमधे पडत आणि त्यामुळे नाचणाऱ्यांची पावले चुकत, हे वाजवता वाजवता त्यांच्या ध्यानात आले. अशा वेळी वादक सहसा नाचणाऱ्यांना नावे ठेवतात. होरिन यांनी मात्र आपली चालच सरळ केली. त्या चालीवर लोक नाचू लागले तेव्हा फरशीवर घासणाऱ्या पावलांचा जो आवाज येई, त्यावरून नाचाला नाव मिळाले, असे सांगतात. १९५३ मध्ये त्यांची ‘ला एन्गान्यादोरा’ ही रचना ध्वनिमुद्रित झाली आणि काही वर्षांतच अमेरिका व युरोपमध्ये या नाचाची लाट आली.

लंडनमध्ये पिएर या नृत्यशिक्षकाने त्याला बॉलरूमची शिस्त लावली. आज स्पर्धांतील पाच लॅटिन नृत्यांमध्ये सांबा, रुंबा, पासो दोब्ले आणि जाइव्ह यांच्या जोडीला तो असतो. मुंबईला लॅटिन ठेके मुख्यतः हॉटेलांत आणि सिनेमाच्या वाद्यवृंदांत वाजवणाऱ्या गोव्याच्या वादकांमुळे परिचित झाले. १९६४ साली तर ‘चा चा चा’ नावाचा हिंदी चित्रपटच आला. (आमच्या घरी अजूनही ‘कोणाचे चाचा?’ हाच विनोद चालतो.)

माझे कोडे शेवटी तबल्यानेच सोडवले. बाई मोजतात ते असे : दोन, तीन, चार-आणि-एक. म्हणजे पहिला ‘चा’ चौथ्या मात्रेवर, दुसरा अर्ध्या मात्रेनंतर आणि तिसरा थेट समेवर. ही शास्त्रोक्त तिहाई (एकच बोल तीनदा वाजवून समेवर येणे) नव्हे, परंतु तीन ठोक्यांनी समेवर येण्याचा आनंद तोच आहे. सम कोणी हिरावून घेतली नव्हती. मी ती सुरुवातीला शोधत होतो, ती शेवटी होती.

परवा बाईंनी गाणे बंद करून आम्हा सहा जोड्यांना नुसते मोजून नाचायला लावले. पंख्यांच्या घरघरीतही मोझाइकच्या फरशीवर तळवे घासल्याचा आवाज स्पष्ट आला, आणि त्यामागून, पाव मात्रा उशिराने, एकटा माझा.