न्यूटनचं वॉशिंग मशीन आणि लातूरचं पाणी

न्यूटन गावाला जायचंय म्हटल्यावर अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डी मॉइनच्या आमच्या यजमानांनी एकमेकांकडे पाहिलं. "वॉशिंग मशीन बघायला? त्यापेक्षा आउटलेट मॉलला जाऊ या ना!" पाहुणचारात त्यांनी काही कमी ठेवलं नव्हतं, पण पाहुण्याला काय बघायला आवडेल हे परस्पर ठरवून टाकायची आपल्या लोकांची सवय मला फार खटकते. तोवर नायगारा झाला होता: भिजलो, फोटो काढले, निघालो. शिकागोच्या इमारती बघून आईची मान दुखायला लागली होती. न्यूटनचा हट्ट मी धरला, कारण मला जुन्या यंत्रांचं मनापासून वेड आहे.

डी मॉइनहून पूर्वेला जेमतेम पन्नास किलोमीटर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन, दुसरं काहीच नाही. प्रवासभर गप्प असलेली आई एकदम सावरून बसली. "अगं, हे तर सोयाबीन की! किती दाट पेरलंय बघ." लातूरच्या माणसाला सोयाबीन कुठंही ओळखू येतं. तिथून तिचा मूडच बदलला.

न्यूटन हे मेटॅग कंपनीचं गाव. 1893 मध्ये इथं शेतीची अवजारं बनवायला सुरुवात झाली. अवजारांचा धंदा हंगामी, मग उरलेल्या महिन्यांत कारागिरांना काम हवं म्हणून 1907 मध्ये कपडे धुण्याचं लाकडी यंत्र आलं. त्यानं अवजारांना मागं टाकलं आणि गाव त्याच्यावर वाढलं. 2006 मध्ये व्हर्लपूलनं कंपनी विकत घेतली, पुढच्या वर्षी इथला कारखाना बंद झाला. जुनी यंत्रं आता महामार्गालगतच्या जॅस्पर काउंटीच्या संग्रहालयात आहेत. आम्ही गेलो तेव्हा ते दुपारनंतरच उघडत होतं आणि आत आम्ही सोडून कुणीच नव्हतं. अशी जागा मला कुठल्याही गर्दीच्या म्युझियमपेक्षा प्रिय.

विजेआधीच्या काळातलं पेट्रोल इंजिनवालं मशीन पाहून मी हरखले. ज्या शेतावर वीज नव्हती तिथं पायानं किक मारून इंजिन सुरू करायचं आणि धुराची नळी दाराबाहेर सोडायची. पुढं अॅल्युमिनियमची ओतीव टाकी आली, मग 1922 मध्ये टाकीच्या तळाशी कपडे घुसळणारा पंखा. पण माझा जीव अडकला होता पहिल्या ऑटोमॅटिक मशीनांत. 1937 मध्ये बेंडिक्सनं घरगुती ऑटोमॅटिक आणलं, तेव्हा ते पिळताना इतकं थरथरायचं की जमिनीला बोल्टनं आवळून बसवावं लागे. फ्रिजिडेअरच्या मशीनमधला दांडा गोल फिरण्याऐवजी वरखाली उसळायचा. वेस्टिंगहाउसचं तोंड तिरकं. प्रत्येक कंपनी चाचपडत होती, म्हणून प्रत्येक मशीन वेगळं. ती जमवणाऱ्यांना भुरळ पडते ती याचीच. कोलोरॅडोतल्या ईटन गावी ली मॅक्सवेल या इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या निवृत्त प्राध्यापकांनी जुन्या-नव्या मिळून हजारावर मशीनं गोळा केली. काही हौशी तर तळघरात जुनी ऑटोमॅटिक चालू ठेवतात आणि एकमेकांकडे जमून त्यांत कपडे धुतात. मला हे अगदी पटतं. बंद पडलेल्या मशीनकडे बघून त्याचं काम कळत नाही.

न्यूटनच्या संग्रहालयातल्या सेवाभावी आजी मूळच्या जवळच्याच शेतावरच्या. मी टायमरबद्दल विचारलं तर त्यांनी एका जुन्या मशीनचं बटण मला फिरवायला दिलं. कट्, कट्, कट्. आत एक छोटी मोटर दातेरी चकत्या अगदी सावकाश फिरवते आणि प्रत्येक चकती आपली वेळ आली की एकेक स्विच दाबते: पाणी घे, घुसळ, सोड, पीळ. बोटाला ती प्रत्येक पायरी जाणवते. हल्लीच्या गुळगुळीत काचेवर हे सुख नाही.

आई मात्र मशीनच्या मागं जाऊन वाकून बघत होती. "पाणी कुठून घेती ही?"

मी भाषांतर केलं. आजी म्हणाल्या, तोच तर आमचा प्रश्न होता. मेटॅगचं ऑटोमॅटिक 1949 मध्ये आलं, पण आमच्या घरी विहीर. दर धुण्याला नवं पाणी कोण देणार? म्हणून आमच्या आईनं दोन रबरी रुळांचं पिळायचं मशीनच ठेवलं. (ते जुन्या घाटाचं मशीन कंपनी 1983 पर्यंत बनवत होती, ते या कारणानंही असेल असं मला वाटतं.) त्यात सोमवारी एकदा टाकी भरायची. आधी पांढरे कपडे, मग रंगीत, मग शेतातले, शेवटी पायपुसणी. सगळं एकाच पाण्यात.

मी मराठीत सांगत होते तोवर आई माझ्या आधीच क्रम सांगायला लागली. "पांढरे, मग रंगीत, मग शेतातले, मग पायपुसणी. आन् उरलेल्या पाण्यानं अंगण!" आजींनी अंगणाचं ऐकलं आणि टाळीच दिली. त्यांच्याकडे त्या पाण्यानं पोर्च धुवायचे.

लातूरला 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते आई विसरलेली नाही. भावानं हौसेनं घेतलेलं ऑटोमॅटिक तिच्या घरी चादर पांघरून उभं आहे, कारण नळाला दाब नाही आणि दाब नसला की ते लाल दिवा लावून थांबतं. त्याच्या शेजारी ठेवलेलं सेमी-ऑटोमॅटिक रोज चालतं. त्यात बादलीनं पाणी ओतता येतं आणि साबणाचं पाणी पुढच्या कपड्यांना वापरता येतं. सेमी-ऑटोमॅटिक घेणाऱ्यांना मागासलेलं समजणाऱ्यांचा मला राग येतो. मशीन ऑटोमॅटिक व्हायच्या आधी गावाचा नळ तसा व्हावा लागतो.

मग आजींनी सांगितलेलं ऐकून आई खुर्ची ओढून बसलीच. पन्नाशीच्या दशकात काही ऑटोमॅटिक मशीनांना 'सड्स सेव्हर' असायचं. साबणाचं पाणी गटारात न सोडता मशीन ते बाजूच्या हौदात काढून ठेवायचं आणि पुढच्या फेरीला परत ओढून घ्यायचं.

"मग हे बंद का केलं?" आईच्या आवाजात चक्क राग होता.

पाणी स्वस्त झालं, लोकांना वापरलेलं पाणी नकोसं वाटायला लागलं, असं आजी म्हणाल्या. आईला ते मुळीच पटलं नाही. तिनं आजींकडून कागदावर नळ्यांची आकृती काढून घेतली, हौद किती उंचीवर हवा तेही विचारलं, आणि मला म्हणाली, "नीट लिहून घे, आपल्या मिस्त्रीला दाखवायचंय."

मिस्त्रीनं आकृती पाहिली आहे. सांडपाण्याची नळी आता पिंपात सोडली आहे आणि मशीनवरची चादर निघाली आहे. पाणी परत ओढणारा छोटा पंप मात्र साबणाच्या फेसानं अडतो. त्याला कुठली जाळी चालेल हे कुणाला माहीत असेल तर मला जरूर सांगा, आई रोज विचारते.