फुकट वायफायचा बॅलन्स संपला

२०१९ चा मार्च. तेव्हा मी एका कंत्राटदाराकडे फिल्डवर होतो, तालुक्याच्या गावातल्या फुकट वायफायचं मेंटेनन्स बघायचो. तक्रार आली, वाचनालयाचं वायफाय बंद. बहुतेक वेळा कुणीतरी आपला प्लग काढून मोबाईल चार्जिंगला लावलेला असतो, म्हणून शिडी न घेताच गेलो.

प्लग जागेवर. पीओई अडॅप्टरचा, म्हणजे केबलमधूनच वायफायच्या डब्याला वीज देणाऱ्या डबीचा दिवा चालू, लॅपटॉप लावून पिंग मारलं तर एक पॅकेट ड्रॉप नाही, म्हणजे लाईन ठणठणीत. ती केबल मी स्वतः ओढलेली, पावसाळ्यातसुद्धा कधी रडली नाही. पण लॉगिन पेजवर नंबर टाकला की ओटीपीच येईना. पाऊण तास डोकं खाजवल्यावर कळलं, एसएमएसचा बॅलन्स संपलाय! ओळख पटवल्याशिवाय कुणाला आत सोडायचं नाही हा सरकारी नियम, त्यासाठी आमच्याकडे ओटीपी, आणि दर ओटीपीमागे काही पैसे कटतात. टेंडरमध्ये खांब, केबल, उद्घाटनाचा मांडवसुद्धा, पण हे पैसे कुणी भरायचे ते कुठेच नाही.

मूळ हिशोब असा की लॉगिन पेजवरच्या जाहिरातींतून महिन्याचा खर्च निघेल. जाहिरात आली एकच, मिठाईवाल्याची, तीही दिवाळीपुरती, मग वर्षभर तिथे एका नगरसेवकाचा वाढदिवस चालू होता. तेव्हा जिओचं ३९९ मारलं की ८४ दिवस रोज दीड जीबी मिळायचं, मग आमचं पेज बघायला कोण येणार? पुढे २०२० मध्ये गूगलनेसुद्धा हेच म्हणत रेल्वे स्टेशनांवरच्या वायफायमधून अंग काढून घेतलं, तिथे तर ४०० च्या वर स्टेशनं होती.

साहेबांना फोन केला. म्हणाले, डिव्हाइस चालू आहे ना, मग तिकीट (तक्रारीची नोंद) बंद कर.

पायऱ्यांवर स्पर्धा परीक्षेची पोरं बसलेली, माझ्याकडेच बघत. शेवटी खिशातले ५०० भरले आणि एकेकाचा फोन वाजायला लागला. फक्त एका मुलीचा वाजेना. तिच्या सिमला रिचार्ज नव्हता, इनकमिंगही बंद. कंपन्यांनी किमान ३५ रुपयांच्या रिचार्जची सक्ती नुकतीच सुरू केली होती ना. म्हणजे ज्याच्याकडे रिचार्जला पैसे नाहीत त्यालाच आमचं फुकट वायफाय मिळत नव्हतं, हे दोन वर्षं काम करून मला त्या दिवशी कळलं.

"दादा, आज फॉर्मची शेवटची तारीख आहे." मी माझा नंबर टाकून तिला ओटीपी दिला. नियमात बसत नाही, माहितीये.

५०० चं व्हाउचर ऑफिसने परत पाठवलं. फॉर्म भरला गेला का ते कळलं नाही, पण त्या संध्याकाळचे दोन तास लॉगमध्ये माझ्या नंबरवर आहेत.